अटलांटिसच्या गल्ल्या

2009 च्या फेब्रुवारीत अटलांटिस सापडलं होतं. प्लेटोने दोन संवादांत वर्णन करून ठेवलेलं, एका दिवसरात्रीत समुद्राने गिळलेलं ते अटलांटिस, कॅनरी बेटांच्या पश्चिमेला अटलांटिक महासागराच्या तळाशी गूगल अर्थवर चक्क दिसत होतं. काटकोनात एकमेकींना छेदणाऱ्या सरळ गल्ल्या, चौकोनी वस्त्या, भोवती आयताकृती हद्द. गूगलने त्याच महिन्यात आपल्या पृथ्वीगोलात समुद्राचा तळ घातला होता आणि लोक घरबसल्या, कपडे न भिजवता, तळाशी फेरफटका मारत होते. एका ब्रिटिश वृत्तपत्राने ही बातमी छापली आणि ती जगभर गेली. मग गूगलचा खुलासा आला. ते शहर नाही. जहाजांनी सोनार लावून तळ मोजला, त्या जहाजांच्या येण्याजाण्याच्या त्या रेघा आहेत.

मला हा खुलासा अटलांटिसपेक्षा फार आवडला. बुडालेलं शहर सापडणं ही शेवटी नशिबाची गोष्ट. पण चारही बाजूंना पाण्याशिवाय काही नाही अशा जागी एखादं जहाज ताशी 18-19 किलोमीटर वेगाने नाकासमोर जातं, ठरल्या जागी वळतं, थोडं सरकून मघाच्या रेषेला समांतर परत येतं, आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं, यात मला जास्त नवल वाटतं. (हेच चौकोन द्वारकेसमोर दिसले असते तर आपल्याकडे खुलासा छापायला कोणी जागा दिली असती का, हा प्रश्न मी चारचौघांत काढत नाही.)

तर या रेघांचा मला नाद आहे. पोटापाण्याचा धंदा वेगळा. रात्री जेवणं उरकली की अमेरिकेतल्या बोल्डर नावाच्या, समुद्राचा वाराही न लागणाऱ्या डोंगरपायथ्याच्या गावात समुद्री मोजमापांचं जे सरकारी भांडार आहे, तिथून जुन्या सफरींच्या फाइली उतरवायच्या आणि त्या जहाजांच्या वाटा नकाशावर काढायच्या. खर्च काही नाही, डॉक्टरांनी बंद करायला सांगण्यासारखंही काही नाही, त्यामुळे घरचे खपवून घेतात. "आज कुठे पोचली तुमची बोट?" असं ही विचारते. मी मनापासून सांगतो, "सोकोत्राच्या पुढे." त्यावर, "मग आता नांगर टाका, सकाळी दूध आणायचंय," असा हुकूम येतो.

या फाइलींचा नमुना 1977 साली ठरला आणि त्याचं नावही त्या सालावरूनच पडलं, एमजीडी-77. सफरीच्या माथ्यावर 24 ओळी, प्रत्येक ओळ 80 अक्षरांची, कारण पंचकार्डावर 80 घरं असत. कार्डं रद्दीत गेली, 80 अक्षरं राहिली. त्यात जहाजाचं नाव, कुठल्या बंदरातून कधी सुटलं, कुठे लागलं, प्रमुख शास्त्रज्ञ कोण. त्याखाली मोजमापांच्या 120 अक्षरी ओळी. तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, आवाज तळापर्यंत जाऊन परत यायला लागलेला वेळ, खोली, चुंबकत्व, गुरुत्व. जिथे मोजमाप नाही तिथे रकाना नवाच्या आकड्यांनी भरलेला. नऊ, नऊ, नऊ, नऊ. हे नऊ म्हणजे 'माहीत नाही' असं संगणकाला आधी बजावलं नाही, तर तो ते खरे धरतो आणि समुद्राचा तळ पृथ्वीच्या कवचातून आरपार खाली नेऊन सोडतो. तरीही मला ही पद्धत पसंत आहे. माहीत नाही हे सांगायला रकाना राखून ठेवणारी सरकारी कागदपत्रं जगात किती असतील?

आता रेघा काढायचं साधन. त्याचं नाव जेनेरिक मॅपिंग टूल्स, म्हणजे जीएमटी. त्यात बटणं नाहीत, चित्रं नाहीत, माऊसला काम नाही. काळी खिडकी उघडते, त्यात एक पांढरा चौकोन लुकलुकतो, आणि त्याला काय हवं ते तुम्ही लिहून सांगायचं. आजकालची सगळी सॉफ्टवेअरं तुमच्या मनातलं ओळखायला टपलेली असतात. हे ओळखत नाही. तुम्ही सांगितलं तेवढंच करतं, आणि तेही नेमकं सांगितलंत तरच. डॅश आर म्हणजे पृथ्वीचा कुठला तुकडा: पश्चिमेची हद्द, पूर्वेची, दक्षिणेची, उत्तरेची, याच क्रमाने. डॅश जे म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर कशी दाबायची आणि कागदावर किती सेंटिमीटर रुंद. डॅश बी म्हणजे चौकट. या चौकटीची गंमत अशी की चार बाजूंना इंग्रजीतल्या दिशांची आद्याक्षरं द्यायची. अक्षर मोठं असेल तर त्या बाजूला आकडे लिहिले जातात, लहान असेल तर ती बाजू नुसती रेघ होऊन गप्प उभी राहते. मोठ्या डब्ल्यूऐवजी लहान डब्ल्यू पडला की अख्खा पश्चिम किनारा मुका.

जुन्या आवृत्तीत याहून गमतीचा प्रकार होता. नकाशा थरांनी व्हायचा: आधी किनारा, मग तळाचे रंग, मग जहाजाची वाट, मग नावं. दर थराला वेगळी कमांड. पहिली सोडून प्रत्येक कमांडला डॅश ओ लावायचा, म्हणजे हे आधीच्याच कागदावर काढ. शेवटची सोडून प्रत्येक कमांडला डॅश के, म्हणजे पंगतीत यजमान ओरडतो तसं, "अजून वाढप चालू आहे, पानं उचलू नका!" मधे कुठे डॅश के राहिला की नकाशा तिथेच हात धुऊन मोकळा, आणि मागून येणारी जहाजं दारातूनच परत. 2019 मध्ये सहावी आवृत्ती आली. तिच्यात आरंभाला 'बिगिन' आणि शेवटी 'एंड' म्हटलं की मधली सगळी व्यवस्था संगणक बघतो. नव्या मुलांना ते डॅश ओ-डॅश के ठाऊकही नाहीत. आमच्यासारखे जुने लोक मात्र ते दोघे गेल्यापासून नकाशात राम राहिला नाही असं म्हणतात, आणि गुपचूप नवी आवृत्ती वापरतात.

रेघेच्या जाडीची नावं वेगळीच. आकड्यात जाडी सांगता येतेच, पण शब्दांतही येते. फेंट, थिन, थिनर, थिनेस्ट, मग थिक, थिकर, थिकेस्ट, मग फॅट, फॅटर, फॅटेस्ट. जुन्या आवृत्त्यांत त्याच्याही पलीकडे एक जाडी होती: ओबीस. कोणी विद्यार्थ्याने रात्री दोन वाजता प्रबंधातली आकृती करताना ते नाव ठेवलं असणार, अशी माझी समजूत आहे, आणि ती मला कोणी दुरुस्त करू नये.

कारण हे सॉफ्टवेअर खरोखरच विद्यार्थ्यांनी केलेलं आहे. 1980 च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कजवळ हडसन नदीकाठच्या लॅमाँट वेधशाळेत पॉल वेसल आणि वॉल्टर स्मिथ हे दोघे संशोधन करत होते. आपापल्या आकृत्यांसाठी त्यांनी छोटेछोटे प्रोग्राम लिहिले, ते एकत्र बांधले आणि 1991 मध्ये जगाला फुकट देऊन टाकले. वेसल मूळचे नॉर्वेचे, पुढे हवाई विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि 2024 मध्ये वारले. तोवर भूशास्त्राच्या नियतकालिकांतले असंख्य नकाशे याच काळ्या खिडकीतून निघालेले होते. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची ती विशिष्ट चौकट दिसली की सवयीची नजर लगेच ओळखते.

लॅमाँटच्या त्या टेकडीवर जहाजाच्या रेघांचं वेड मात्र संगणकाआधीपासूनचं. वेधशाळेकडे 1953 पासून 'वेमा' नावाचं जहाज होतं. तीन डोलकाठ्यांचं, मुळात 1923 मध्ये एका धनाढ्य अमेरिकन दलालासाठी बांधलेलं, ऐषारामी. मॉरिस ईविंग या संचालकांनी त्याला असं जुंपलं की ते थांबेच ना. जिथे जाईल तिथे खोली मोजत जायचं, आणि समुद्राच्या तळातून मातीचे नमुने काढत जायचं. दहा लाख सागरी मैलांच्या वर चाल झाल्यावर 1981 मध्ये त्याला निवृत्ती मिळाली. निवृत्तीनंतर त्याने 'मँडले' हे नाव घेऊन कॅरिबियन समुद्रात पर्यटक फिरवले. नोकरीत राबलेल्या माणसाला म्हातारपणी याहून काय पाहिजे?

वेमा आणि इतर जहाजांनी मोजलेले आकडे ज्यांच्या टेबलावर येत, त्या मेरी थार्प. बाईमाणसाला जहाजावर घेत नसत. अपशकुन होतो म्हणे. म्हणून त्यांचे सहकारी ब्रूस हीझेन जहाजावर जात आणि थार्प किनाऱ्यावर कागद, शाई, पट्टी घेऊन एकेका वाटेखालच्या तळाचा उभा छेद काढत. अटलांटिक ओलांडणाऱ्या वाटा त्यांनी एकाखाली एक मांडल्या, तेव्हा मधल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर प्रत्येक छेदात त्याच जागी एक खाच दिसली. म्हणजे तिथे दरी आहे, म्हणजे तळ तिथे फाटतो आहे. हीझेननी हे बायकी बडबड म्हणून उडवून लावलं. शेजारच्या टेबलावर भूकंपांची केंद्रं नकाशावर टिपली जात होती, ती नेमकी त्या दरीवर येऊन बसली, तेव्हा बडबडीचं शास्त्र झालं. थार्पना स्वतः जहाजावर पाय ठेवायला 1968 उजाडावं लागलं. समुद्र न पाहता समुद्राचा तळ सगळ्यांत नीट पाहिलेली बाई ती हीच. घरी बसून बोटी चालवणाऱ्या आमच्या जमातीचं हे दैवत.

आता आपण वाट काढायला घेतो. किनारपट्टी जीएमटीबरोबरच येते, पाच प्रतींमध्ये: क्रूड, लो, इंटरमीडिएट, हाय आणि फुल. घाईत क्रूड घेतली की लक्षद्वीप नाहीसं होतं, खाड्या बुजतात आणि मुंबई बंदरातून निघालेलं जहाज पहिला काही वेळ जमिनीवरून चालतं. फुल घेतली की जहाज पाण्यात उतरतं. पण कधीकधी फुल घेऊनही जहाज डोंगरावरच असतं. मग दोष किनाऱ्याचा नाही, फाइलीचा. कोणीतरी रेखांशाचं उणे चिन्ह खाल्लेलं असतं आणि अटलांटिकमधलं जहाज त्या एका आडव्या रेघेपायी आशियात येऊन दाखल होतं. ज्या नोंदीत जागाच लिहिलेली नसते, तिथे काही प्रोग्राम शून्य धरतात. शून्य अक्षांश, शून्य रेखांश ही जागा आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात आहे. तिथे हवामान मोजणारी एक तरंगती बोया आहे, तिचं नाव 'सोल'. जगातल्या सगळ्या हरवलेल्या नोंदी त्या एका बोयेभोवती गर्दी करून असतात.

अशा गोष्टी पकडायला जीएमटीत एक स्वतंत्र आज्ञा आहे, 'स्निफर'. ती फाइल हुंगते. जहाज जमिनीवर गेलं का, खोली अशक्य आहे का, वेळ उलटी धावते का, आणि जहाजाचा वेग जहाजाला शोभणारा आहे का, हे बघते. 1960 च्या दशकाच्या मध्यानंतरच्या फाइलींत शेवटचा आरोप फार वेळा सिद्ध होतो. जीपीएस नव्हतं तेव्हा ट्रान्झिट नावाचे उपग्रह डोक्यावरून जात तेव्हाच जहाजाला आपली जागा कळे. दोन भेटींमध्ये तास-दोन तास जात. मधल्या वेळात कप्तान वेग आणि दिशेवरून हिशेब धरत चाले. प्रवाह मात्र त्या हिशेबात नसलेल्या दिशेला ढकलत असे. मग उपग्रह उगवला की खरी जागा कळायची आणि फाइलीत जहाज एका मिनिटात कित्येक किलोमीटर बाजूला उडी मारायचं. स्निफर कोकलतो. मला मात्र त्या उड्यांत खोट दिसत नाही. तासभर आपण कुठे आहोत हे ठाऊक नसताना चालत राहिलेल्या माणसाने, कळताक्षणी केलेली दुरुस्ती आहे ती.

वाटा बघत बसलं की जहाजांचे स्वभाव कळू लागतात. काही सरळ रेघा एका बंदरातून निघून दुसऱ्यात जातात: फ्रीमँटल ते पोर्ट लुई, केपटाउन ते कोलंबो. ही जहाजं खरं म्हणजे दुसऱ्याच कामाला चालली होती, जाता जाता मोजत गेली. काही ठिकाणी रेघेला गाठ पडते. तिथे जहाज थांबलं, दोरीला बांधून यंत्र खाली सोडलं, ते वर येईपर्यंत वारा-प्रवाहावर डोलत राहिलं. काही रेघा रिकाम्या समुद्रात एकाएकी काटकोनात वळतात. तिथे कुठल्यातरी देशाची सागरी हद्द सुरू होते आणि परवानगी संपते. एखादी रेघ अर्ध्यातून घाईघाईने जवळच्या बंदराकडे जाते आणि दोन दिवसांनी त्याच जागी परत येते. कोणाचं तरी अपेंडिक्स असावं. सोमाली चाच्यांचा उपद्रव ऐन भरात होता तेव्हा संशोधनाची जहाजं पश्चिम अरबी समुद्र टाळत होती, आणि नकाशावर ती भीती मोकळ्या जागेच्या रूपाने उतरली आहे. चाच्यांनी समुद्रविज्ञानात घातलेली ही भर कोणी सहसा मोजत नाही.

अरबी समुद्र हा माझा विशेष जिव्हाळ्याचा. कोकणच्या किनाऱ्यावरून नैर्ऋत्येला दूर, समुद्राखाली, एक लांबच लांब पर्वतरांग आहे. तिचं नाव कार्ल्सबर्ग. होय, बिअरचंच. 1928 ते 1930 दरम्यान पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या 'डाना' या डॅनिश जहाजाला त्या मद्यकंपनीच्या प्रतिष्ठानाने पैसा दिला होता, म्हणून. आपल्या समोरच्या समुद्रात बुडालेला हा सर्वांत मोठा पर्वत बिअरच्या नावाने ओळखला जातो, हे मी गोव्याच्या मित्रांना सांगितलं तेव्हा त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

याच कार्ल्सबर्गवर 1962 मध्ये ब्रिटिश नौदलाचं 'ओवेन' हे जहाज आलं. ड्रमंड मॅथ्यूज त्यावर होते. रांगेच्या माथ्यावरच्या एका छोट्या तुकड्यावर त्यांनी समांतर रेघा मारत चुंबकत्व मोजलं. केंब्रिजला त्यांचा विद्यार्थी फ्रेड व्हाइन याने ते आकडे संगणकाला घातले, आणि 1963 च्या सप्टेंबरमध्ये दोघांचा लेख 'नेचर'मध्ये आला. मधोमध फाटून तळ दोन्ही बाजूंना सरकतो आहे आणि सरकताना पृथ्वीच्या चुंबकत्वाची उलटापालट त्या खडकात पट्ट्यापट्ट्यांनी नोंदली जाते, हा तो विचार. खंड सरकतात यावर जगाचा विश्वास बसायला ज्या मोजक्या गोष्टी कारण झाल्या त्यातली ही एक, आणि ती आपल्या समुद्रात, एका जहाजाच्या शिस्तशीर येरझारांतून निघाली. त्याच सुमाराला आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम चालू होती. भारतीय नौदलाचं 'किस्तना' तिच्यात होतं. मोहीम संपली आणि 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, तीच आज गोव्यात दोनापावलाला आहे. पुढे 'गवेषणी' आली, 1983 मध्ये जर्मनीत बांधलेली 'सागर कन्या' आली, आणि आपल्या किनाऱ्यासमोर देशी रेघा वाढल्या. लक्ष्मी खोऱ्यातल्या बुडालेल्या डोंगरांना रामन, पणिक्कर आणि वाडिया ही नावं मिळाली. पणिक्कर म्हणजे त्या संस्थेचे पहिले संचालक. संचालकाचा पुतळा उभा करण्यापेक्षा हे बरं. कावळे बसत नाहीत.

जिथे दोन जहाजांच्या वाटा एकमेकींना छेदतात तिथे खरी करमणूक. जागा तीच, तळ तोच, सालं वेगळी, आणि खोली मात्र जुळत नाही. जीएमटीत हे सगळे छेदबिंदू शोधून फरक काढणारी साधनं आहेत, वेसल यांनीच लिहिलेली. फरकाचं कारण अनेकदा साधं असतं. खोली कोणी मोजत नाही. मोजतात तो वेळ. आवाज खाली गेला, परत आला, मधे किती सेकंद गेले? 4000 मीटर खोलीला साधारण साडेपाच. त्याचं निम्मं करून पाण्यातल्या आवाजाच्या वेगाने गुणायचं. ब्रिटिश हा वेग सेकंदाला 820 फॅदम धरत, म्हणजे सुमारे 1500 मीटर. अमेरिकन 800 फॅदम धरत. मग एकाच तळावरून दोघे गेले तर 4000 मीटरमागे 100 मीटरचा फरक पडणारच, आणि दोघांनीही इमानेइतबारे काम केलेलं. फाइलीच्या माथ्यावर कोणता वेग धरला ते लिहिलेलं असलं तर तंटा मिटतो. नसलं तर दोन्ही जहाजं आपापल्या आकड्यावर ठाम.

मागे आमचे मेहुणे आले होते. ते पडद्याकडे बघत म्हणाले, "भावोजी, गूगलवर सगळा तळ दिसतो की! तुम्ही या रेघा कशाला मारत बसता?" मी त्यांना दक्षिण हिंदी महासागराचा एक तुकडा काढून दाखवला. आधी नुसता रंगीत तळ: डोंगर, दऱ्या, निळ्याच्या सगळ्या छटा. मग त्याच्यावर जहाजांच्या वाटा टाकल्या. चार-पाच रेघा, बाकी मोकळं. मेहुणे बँकेत ऑडिटला होते. त्यांनी चष्मा पुसला. "म्हणजे मधलं सगळं अंदाजपंचे दाहोदरसे?"

अगदी तसंही नाही, असं मी म्हटलं. समुद्राखाली दोन हजार मीटर उंचीचा डोंगर असला तर त्याच्या गुरुत्वाने वरचं पाणी स्वतःकडे ओढलं जातं आणि समुद्राचा पृष्ठभाग तिथे साधारण दोन मीटर फुगतो. उपग्रह तो फुगवटा मोजतो, त्यावरून खालचा डोंगर ताडतात. वॉल्टर स्मिथ आणि डेव्हिड सँडवेल यांनी 1997 मध्ये या पद्धतीने जवळजवळ सगळ्या महासागरांचा तळ मांडला. ताडलेला मोठा डोंगर बहुधा असतोच. पण लहानसहान टेकाडं, दऱ्या, कडे त्यात दिसत नाहीत. "म्हणजे ताळेबंद टॅली आहे, व्हाउचरं नाहीत," मेहुणे म्हणाले. या विषयावर इतकं अचूक वाक्य मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही.

त्यांना मी आणखी एक गोष्ट सांगितली नाही, कारण ते जेवायला उठले. व्हाउचरंही थोडी फुगवलेलीच असतात. एकास एक कोटी प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ काढली, तर समुद्रावर ती 5 किलोमीटर रुंद होते. जुन्या एकशलाकी सोनारला 4000 मीटर खोलीवर एका वेळी जेमतेम 2 किलोमीटरचा वर्तुळाकार ठिपका ऐकू येई, आणि त्यातून हाती एकच आकडा लागे. तेव्हा एवढीशी रेघसुद्धा जहाजाने पाहिलं त्याहून जास्त पाहिल्याचा आव आणते. आणि नकाशा भरलेला दिसावा म्हणून कोणी 'फॅट' वापरली, तर अख्खा महासागर मोजून झालेला दिसतो. मोजमापांच्या वाटा दाखवताना रेघ जाड करणं हा माझ्या मते गुन्हा धरायला हवा.

मेहुण्यांना मी जो तुकडा दाखवला तो मुद्दाम निवडलेला होता. 8 मार्च 2014 रोजी मलेशिया एअरलाइन्सचं एमएच-370 हे विमान नाहीसं झालं आणि शोध दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला सरकला. त्या वेळी वॉल्टर स्मिथ, म्हणजे जीएमटीच्या जोडीतलेच, आणि कॅरन मार्क्स यांनी तिथल्या जहाजांच्या वाटांचा हिशेब मांडला. त्या विस्तीर्ण भागातल्या जेमतेम 5 टक्के क्षेत्रावर खोलीचं काही ना काही मोजमाप होतं. बाकीचं ताडलेलं. विमान शोधायला खाली यंत्र सोडण्याआधी, यंत्र कशावर आपटेल हे कळावं म्हणून जहाजांना आधी तळच मोजावा लागला. 239 माणसांचे नातेवाईक वाट बघत होते आणि जगाला प्रथमच कळत होतं की आपल्याकडे तिथला नकाशा म्हणून जे आहे, ते बरंचसं तर्काने रंगवलेलं आहे.

2017 मध्ये सगळा समुद्रतळ मोजायचा 'सीबेड 2030' हा प्रकल्प सुरू झाला तेव्हा आधुनिक पद्धतीने मोजलेला तळ होता 6 टक्क्यांच्या आसपास. आता तो पाव हिश्श्याच्या थोडा वर गेला आहे. त्यातला बराच भाग नव्याने मोजलेला नाही. कंपन्यांच्या, नौदलांच्या, विद्यापीठांच्या कपाटांत पडून असलेल्या रेघा बाहेर आल्या, एवढंच. 2030 पर्यंत सगळं होईल असं मला वाटत नाही. समुद्र मोठा आहे, जहाज सावकाश जातं, आणि डिझेल फुकट नाही.

गेब्को ही संस्था जगभरच्या महासागरांचा नकाशा करते. मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या पुढाकाराने 1903 मध्ये हे काम सुरू झालं. तिचा आजचा नकाशा कोणालाही संगणकावर फुकट उतरवता येतो, जवळजवळ अर्ध्या किलोमीटरला एक आकडा या हिशेबाने. त्याच्या सोबतच एक दुसरी फाइल ठेवलेली असते. तिच्यात खोली नाही. प्रत्येक चौकोनासाठी नुसता सांकेतिक आकडा आहे. 10 म्हणजे जुन्या सोनारने मोजलेलं, 11 म्हणजे नव्या बहुशलाकी सोनारने मोजलेलं, 40 म्हणजे उपग्रहावरून ताडलेलं. उतरवायचाच असेल समुद्र, तर दोन्ही फाइली उतरवा, आणि दुसरी आधी उघडा.